एकाच मालकाचे दोन वाटेकरी
(अभ्यासवर्गातील भाषण)



मला अर्थशास्त्रावर बोलण्यासाठी बोलावले आहे, आणि मी एका अ‍ॅकॉर्डियनवादकाविषयी बोलणार आहे. निवृत्त अध्यापकाला एवढी सवलत असावी.

अमेदे आर्द्वाँ हा अमेरिकेतील लुइझियाना राज्यातला, फ्रेंच बोलणारा कृष्णवर्णीय क्रेओल. जन्म १८९८ चा. त्या मुलखात भूमिहीनांनी मालकाची जमीन वाट्याने कसावी, बी-बियाणे व किराणा उधारीवर उचलावा आणि हंगामाअखेर हिशेबात बहुधा काहीच हाती राहू नये, अशी रीत होती. अमेदेला शेतकामात गोडी नव्हती असे जुनी माणसे सांगत. तो वाद्य पोत्यात घालून शेतकऱ्यांच्या घरी नाचाच्या रात्री वाजवायला जाई.

वाद्य दहा बटणांचे. भाता दाबला की एक स्वर, ओढला की त्याच बटणातून दुसरा. आपल्या पेटीचेच हे भावंड. दोन्हींत हवेने धातूच्या पट्ट्या कंप पावतात. परंतु पेटीचा भाता केवळ हवा पुरवतो, येथे त्याची दिशाच स्वर ठरवते. हवेचा हिशेब चुकला की चाल मोडली. हे सांभाळून त्याने ध्वनिवर्धकाविना, पावलांच्या गोंगाटावर मात करीत, चढ्या आवाजात गावे आणि समोरची माणसे पाहून ऐनवेळी शब्द जुळवावेत. हेही श्रमच, त्यांची नोंद मात्र कोणत्याही हिशेबवहीत नाही.

त्याचा जोडीदार डेनिस मॅगी हा गोरा फिडलवादक. दोघे एकाच मालकाचे वाटेकरी. शेअर बाजार कोसळून दीड महिना होतो न होतो तोच, डिसेंबर १९२९ मध्ये, न्यू ऑर्लिन्सला दोघांनी मिळून ध्वनिमुद्रण केले. १९३४ पर्यंत अमेदेची एकंदर ३४ गाणी मुद्रित झाली.

जमिनीचा प्रश्न सुटला की जात आपोआप विरघळेल, असे मी अनेक वर्षे वर्गात शिकवले. या दोघांचा वर्ग एकच होता, तोटाही एकच होता. आणि तरीही, असे सांगतात की, एका गोऱ्याच्या घरी वाजवताना घामाघूम झालेल्या अमेदेला त्या घरच्या मुलीने रुमाल दिला, म्हणून परतीच्या वाटेवर दोघा गोऱ्यांनी त्याला मरणप्राय मारले. कोणी विषप्रयोग म्हणतात, कोणी आजार. मात्र रुमालाची कथा तिथल्या लोकांना सहज खरी वाटली, एवढ्यावरूनच त्या समाजाची कल्पना यावी. शेजारच्या मिसिसिपी राज्यात १९६४ साली डॉ. लोहियांना गोऱ्यांच्या उपाहारगृहात प्रवेश नाकारून अटक झाली, हे आपण जाणताच.

अमेदेचे संगीत मात्र कोणी दाराबाहेर उभे केले नाही. आयरी लेज्यून या गोऱ्या वादकाने १९४८ पासून त्याच्याच वळणाने वाजवून अ‍ॅकॉर्डियनला पुन्हा चलती आणली. आज ज्याला केजन संगीत म्हणतात त्याच्या पायाशी अमेदेच आहे.

तो स्वतः नोव्हेंबर १९४२ मध्ये पाइनव्हिलच्या सरकारी वेड्यांच्या इस्पितळात मरण पावला. २०१८ साली ओपेलूसस येथे त्याचा पुतळा उभारला गेला. त्याला पुरले ते इस्पितळाच्या दफनभूमीत, कृष्णवर्णीयांसाठी वेगळ्या राखलेल्या भागात, खुणेचा दगडही न ठेवता.