पासवर्ड माहीत नसलेला जुना लॅपटॉप

झाशीहून बोलतोय. इथे मराठी ऐकू आली की बाहेरच्यांना नवल वाटतं, पण नारोशंकर १७४२ साली इथले सुभेदार झाले, तेव्हापासून मराठी माणसांचा या गावाशी संबंध आहे. माझ्या बोलण्यात हिंदी डोकावली तर सांभाळून घ्या.

भाचीसाठी जुना लॅपटॉप घेतला. घरी येऊन सुरू केला, तर स्क्रीनवर एका लहान मुलीचा फोटो, खाली कुणाचं तरी नाव आणि पासवर्डची रिकामी चौकट. दुकानदाराला फोन केला. म्हणाला, "फॉर्मॅट मारून टाका, भैया."

सल्ला चुकीचा नव्हता, घाईचा होता. दुसऱ्याचं नाव दिसतंय, म्हणजे यंत्र चोरीचं नाही ना, हे आधी पाहायला हवं. मी हट्ट धरला, की मूळ मालकाशी बोलणं करून द्या आणि बिलावर सिरियल नंबर लिहा. दुकानदार कुरकुरला, पण दिलं.

मालक निघाले रेल्वेतून निवृत्त झालेले एक बाबूजी. पासवर्ड मुलाने घातलेला, आता मुलालाही आठवत नाही. मग थोडं थांबून त्यांनी विचारलं, "नातीच्या बारशाचे फोटो त्यात होते. माझी बायको आहे त्यांत. गेले असतील ना?"

गेले नव्हते. मीच बटण दाबलं असतं तर गेले असते.

पासवर्ड म्हणजे तिजोरी, असं आपल्याला वाटतं. पण तो विंडोजच्या दाराला असतो. डिस्क एन्क्रिप्ट केलेली नसेल, तर लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून लॅपटॉप सुरू करून आतल्या फायली सरळ दिसतात. हे ऐकून काळजी वाटली ना? वाटायलाच हवी. आपला लॅपटॉप विकताना लक्षात ठेवा. बिटलॉकर चालू असेल तर मात्र ४८ अंकी रिकव्हरी की लागते. ती बहुधा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जपलेली असते. ती मिळाली नाही तर फोटोंवर पाणी सोडायचं.

बाबूजींच्या परवानगीने मी फोटोंचं फोल्डर त्यांच्या पेनड्राइव्हवर उतरवलं. आत पाहिलंच नाही म्हणालो तर खोटं होईल. हेच फोल्डर ना, एवढं कळायला एक फोटो उघडला.

मग पुसायचं काम. चार्जर लावून ठेवा. पासवर्डच्या स्क्रीनवरच खाली उजवीकडे पॉवरची खूण असते. शिफ्ट दाबून धरा आणि रीस्टार्ट म्हणा. निळी स्क्रीन येते. ट्रबलशूट, मग 'रीसेट धिस पीसी', मग 'रिमूव्ह एव्हरीथिंग'. शेजारचा 'कीप माय फाइल्स' मोहात पाडतो, पण तो या वाटेने गेलं की खात्याचा पासवर्ड मागतो, म्हणजे आपण जिथल्या तिथे. पुढे फायली नुसत्या काढायच्या की ड्राइव्ह पूर्ण साफ करायचा, असं विचारलं जातं. लॅपटॉप हातबदल झालेला असेल तर पूर्ण साफ करा. वेळ लागतो, लागू द्या. नुसत्या काढलेल्या फायली सॉफ्टवेअरने परत आणता येऊ शकतात.

रीसेट अर्ध्यावर अडलं, तर दुसऱ्या संगणकावर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून ८ जीबीचा इन्स्टॉलेशन पेनड्राइव्ह बनवता येतो. विंडोजचं डिजिटल लायसन्स त्या यंत्राच्या हार्डवेअरशी बांधलेलं असतं, तेव्हा तीच आवृत्ती टाकली की इंटरनेट जोडल्यावर बहुतेक वेळा आपोआप ॲक्टिव्हेट होते. आधीची विंडोजच चोरीची असेल, तर तिथे ते कळतं.

आणि सगळं पुसूनही सुरुवातीलाच एखाद्या कंपनीचं लॉगिन आलं, किंवा ॲपलच्या यंत्रावर ॲक्टिव्हेशन लॉक दिसलं, तर यूट्यूबवरच्या जुगाडांच्या नादी लागू नका. ते कुलूप मालकानेच काढायचं. यंत्र परत करा, पैसे परत मागा.

भाचीने लॅपटॉपला स्वतःचं नाव दिलं, पासवर्ड वहीत लिहिला, वही आईकडे दिली. संध्याकाळी मी पेनड्राइव्ह घेऊन बाबूजींकडे गेलो, तेव्हा लक्षात आलं, की संगणक तर त्यांनी विकलाय, फोटो बघणार कशावर? शेवटी टीव्हीच्या मागे खाच सापडली. तिसऱ्या फोटोवर त्यांनी रिमोट माझ्याकडे दिला आणि चष्मा पुसायला घेतला.