घोंगडीनंतर काय?

(आभारप्रदर्शनाच्या उपासनेनंतर कोल्हापूर येथे केलेल्या भाषणाचा सारांश)



गंगाराम कांबळे यांची गोष्ट आपण कोल्हापूरकर लहानपणापासून ऐकतो. सवर्णांच्या हौदाला हात लावला म्हणून त्यांना मार बसला. शाहू महाराजांनी त्यांना भांडवल देऊन चहाचे हॉटेल काढून दिले. पण अस्पृश्याच्या हातचा चहा पिणार कोण? तेव्हा महाराज स्वतः तिथे गाडी थांबवून चहा मागवू लागले, सोबतच्यांनाही पाजू लागले. नुसते पैसे देऊन ते थांबले असते, तर हॉटेल चालले नसते.

याच महाराजांनी १९०२ साली संस्थानच्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागा राखल्या. फासेपारध्यांना त्यांनी आसरा दिला, विश्वासाची कामे दिली. त्या काळी इंग्रजांचा १८७१ चा कायदा जमातीच्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवत होता. तो १९५२ साली रद्द झाला. संशय मात्र अजून गेलेला नाही.

आता माझी चूक सांगतो. एका नाताळात मी पारध्यांच्या पालावर घोंगड्या वाटल्या, रांग लावून फोटो काढले. एक आई म्हणाली, "दादा, घोंगडी राहू द्या. पोराचा जातीचा दाखला काढून द्याल का?" पारधी अनुसूचित जमातीत आहेत, पण दाखल्यासाठी १९५० पूर्वीचा पुरावा लागतो. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना कुठे टिकूच दिले नाही, त्यांनी तो कुठून आणावा? त्या घरासाठी मी तहसील कचेरीचे किती हेलपाटे घातले, ते मलाच ठाऊक. त्याचा फोटो निघत नाही, म्हणून त्यासाठी देणगीही येत नाही.

करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात पौल दानाचा हेतू सांगतो, तो समानता हा आहे. दात्याचे नाव व्हावे, हा नव्हे.

म्हणून माझ्या तीन विनंत्या आहेत. देणगीचा काही भाग कागदपत्रे आणि प्रवासखर्चासाठी मोकळा ठेवा. पालावरच्याच शिकलेल्या तरुणाला पगारी कार्यकर्ता नेमू द्या. आणि पैसा कुठे खर्चावा हे ठरवणाऱ्या आपल्या समितीत त्यांच्यातल्या दोघांना बसवा. ते आपल्याला नाही म्हणाले, तर ऐकून घ्या.

पुढच्या नाताळात पालावर या. हातात काही नसले तरी चालेल. त्यांच्या चुलीवरचा चहा मात्र घेऊन जा.

देव आपणांस आशीर्वाद देवो. आमेन.