सेंद्रिय शेती : प्रश्न पोत्याचा नव्हे, मातीचा

(शेतकरी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



आरंभी शब्दांचा एक घोळ दूर करू या. हल्ली आपण रासायनिक शेतीला सर्रास ‘पारंपरिक शेती’ म्हणू लागलो आहोत. इंग्रजीतून शब्द उचलताना झालेली ही गफलत आहे. युरिया, संकरित बियाणे आणि कीटकनाशके यांवर उभी असलेली ही पद्धत आपल्या खेड्यापाड्यांत रुजली ती हरितक्रांतीबरोबर, १९६० नंतर. गंमत अशी की, केंद्र सरकारने २०१५ मध्ये सेंद्रिय शेतीसाठी जी योजना आणली, तिचे नाव ‘परंपरागत कृषि विकास योजना’!

परंतु रासायनिक खत न घालणे म्हणजे सेंद्रिय शेती, ही समजूतही तितकीच चुकीची आहे. काहीच न घालणारा शेतकरी जमिनीला केवळ उपाशी ठेवतो. रासायनिक पद्धती पिकाला थेट अन्न भरवते. सेंद्रिय पद्धती मातीला अन्न देते, मातीतील सूक्ष्म जीव ते कुजवतात आणि त्यातून पीक पोसले जाते. मूळ भेद हाच.

हा विचार प्रयोगांच्या आधारे सिद्ध झाला तो आपल्याच भूमीत. अल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज शास्त्रज्ञ १९०५ मध्ये बिहारातील पुसा येथे आले, १९२४ पासून इंदूरला काम करू लागले. येथील शेतकरी आणि पिकांवरील कीड यांना ते आपले गुरू मानत. काडीकचरा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि राख यांचे थर रचायचे, ढीग ठरावीक दिवसांनी उलथायचा, की सुमारे ९० दिवसांत खत तयार; ही त्यांची ‘इंदूर पद्धत’. १९३१ मध्ये त्यावर निघालेल्या पुस्तकावर सहलेखक म्हणून यशवंत वाड हे नाव छापलेले आहे. हॉवर्डांचे नाव जगभर घेतले जाते, वाडांचे आपणही घेत नाही.

आता थोडा हिशेब. युरियाच्या ४५ किलोच्या पोत्यात सुमारे २१ किलो नत्र असते. शेणखतात ते अर्ध्या टक्क्याच्या आसपास. म्हणजे एका पोत्याच्या बदली चार टन शेणखत हवे, आणि त्यातलेही सारे नत्र पहिल्याच वर्षी पिकाला मिळत नाही. ज्याच्या गोठ्यात एक बैलजोडीच उरली आहे, त्याने ते आणायचे कोठून? म्हणून सेंद्रिय शेती गोठ्याइतकीच पीकरचनेवर अवलंबून असते. तूर, हरभरा, मूग यांच्या मुळांवरील गाठी हवेतील नत्र धरून ठेवतात. ताग, धैंचा फुलोऱ्यावर येताच गाडला की जमिनीला खत मिळते. कपाशीमागून कपाशी घ्यायची आणि फक्त पोते बदलायचे, याने काहीही साधत नाही.

घाई केली तर काय होते, ते श्रीलंकेने दाखविले. २०२१ च्या मे महिन्यात तेथे रासायनिक खतांच्या आयातीवर एकाएकी बंदी आली. भाताचे आणि चहाचे उत्पादन घसरले, नोव्हेंबरात बंदी उठवावी लागली. सिक्कीमने मात्र २००३ मध्ये निर्णय केला आणि २०१६ च्या जानेवारीत सुमारे ७५,००० हेक्टर जमीन सेंद्रिय झाल्याचे घोषित केले. मधली वर्षे खते कमी करत नेण्यात, प्रशिक्षणात, प्रमाणपत्रांत गेली. अर्थात तेथे रासायनिक खतांचा वापर मुळातच थोडा होता. सिक्कीमचा दाखला विदर्भाला जसाच्या तसा लावू नये.

प्रमाणपत्राच्या नियमांनुसार हंगामी पिकांना दोन आणि बहुवार्षिक पिकांना तीन वर्षांचा संक्रमणकाळ असतो. या काळात उत्पन्न घटू शकते आणि माल पूर्ण सेंद्रिय म्हणून विकता येत नाही. खरी कसोटी येथे आहे. डोक्यावर कर्ज असलेल्या कोरडवाहू शेतकऱ्याला ‘सारे रान एकदम पालट’ असे सांगणे मला अन्यायाचे वाटते. त्याने एका एकरापासून आरंभ करावा. आणि पुण्या-मुंबईच्या ज्या ग्राहकांना विषमुक्त धान्य हवे आहे, त्यांनी तिसऱ्या वर्षाची वाट न पाहता त्या एकरातली पहिल्या वर्षाची तूर, पेरणीपूर्वीच भाव ठरवून, आपल्या नावे लिहून घ्यावी.