वाचनालय आणि त्याचा जमाखर्च
(पोफळी येथील भाषणाचा सारांश)



साऱ्या गावाने वाचावे, असे आपण सारेच म्हणतो. परंतु वाचनालय टाळ्यांवर चालत नाही, जमाखर्चावर चालते.

खर्चाचे दोन भाग करा. पुस्तके व कपाटे हा एकदाचा खर्च. ग्रंथपालाचे मानधन, वर्तमानपत्रे, वीजबिल हा दरमहाचा. पहिल्यासाठी देणगीदार मिळतो. आखातात गेलेला भाऊ हौसेने कपाट देतो. दुसऱ्याला मात्र कोणी वाली नसतो, आणि कुलूप लागते ते त्यामुळेच. दहावीनंतर घरी बसलेल्या मुलीचे ते एकच उघडे दार असते, हे विसरू नका.

समजा, शंभर घरांनी महिना 50 रुपये दिले, तर वर्षाचे 60,000 होतात. यात मोहल्ला, वाडी, वसाहत असा भेद नको. ज्या घराला वर्गणी झेपत नाही, तिची भर संस्थेने घालावी. त्याचा बोभाटा करू नये.

सरकारी मार्गही आहे. 1967 च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली मान्यताप्राप्त वाचनालयांना वर्गवारीनुसार अनुदान मिळते. 1972 साली स्थापन झालेले राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान ग्रंथरूपाने साहाय्य करते. मात्र त्यासाठी वाचनालय चालते हवे, दप्तर चोख हवे.

आणखी एक. जुलै 2021 च्या पुरात चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराचे मोठे नुकसान झाले. पावसाळा आपलाही तोच आहे. अंदाजपत्रकात उंच मांडणीचा खर्च धराच.

वाचकहो, वर्गणीच्या यादीत पहिले नाव आपलेच घाला. मग शेजाऱ्याचे दार ठोठवा.