रक्ताची चाचणी आणि पेटंटचा कागद
(झरी जामणी येथील वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



विषय जड वाटेल. परंतु त्याचा संबंध तुमच्या खिशाशी आहे आणि मुलांच्या शिक्षणाशीही आहे. जठराच्या मागे एक अवयव असतो. पुस्तकात त्यास स्वादुपिंड म्हणतात, आपल्या घरात लबलबा म्हणतात. त्याचा कर्करोग फार उशिरा कळतो. गाठ खोल असते, दुखणे मागाहून सुरू होते, आणि बहुतेक रोगी डॉक्टरांपुढे येतात तोवर शस्त्रक्रियेची वेळ निघून गेलेली असते. तेव्हा थोड्या रक्तावरून हा रोग आधीच ओळखता आला तर किती बरे होईल, असे कोणासही वाटेल. जगभर त्यासाठी खटपट चालू आहे.

या चाचण्यांचे हत्यार म्हणजे प्रतिपिंड. शरीरात परका पदार्थ शिरला की रक्तात त्याला नेमके चिकटणारे प्रतिपिंड तयार होते; कुलपाला जशी आपलीच किल्ली लागते, तसे. १९७५ साली केंब्रिज येथे कोलर आणि मिलस्टाइन यांनी एकाच जातीची प्रतिपिंडे हवी तितकी तयार करण्याची रीत शोधली. त्यांनी ती छापून जगाला दिली, पेटंट घेतले नाही. १९८४ मध्ये दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. मात्र अमेरिकेतील फिलाडेल्फियाच्या विस्टार संस्थेत कोप्रोव्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मिलस्टाइन यांच्याकडूनच मिळालेल्या पेशी वापरून काम केले, आणि गाठींविरुद्धच्या व विषाणूंविरुद्धच्या प्रतिपिंडांवर १९७९ व १९८० मध्ये पेटंट मिळविले. त्याच संस्थेतून ‘सीए १९-९’ ही खूण पुढे आली. स्वादुपिंडाच्या कर्करोगात आज तीच सर्वांत अधिक तपासली जाते.

आता पालकांनी लक्ष द्यावे. ही चाचणी रोग ठरलेल्या माणसाचा उपचार कसा चालला आहे हे पाहण्यास उपयोगी आहे. धडधाकट माणसात रोग शोधण्यास नाही. साधी कावीळ झाली, स्वादुपिंडाला सूज आली, तरी आकडा वाढतो. उलट काही माणसांच्या रक्तात जन्मतःच हा पदार्थ तयार होत नाही. त्यांना कर्करोग असला तरी आकडा गप्प राहतो. शिवाय हिशेब करून पाहा. समजा एक लाख माणसांत दहा रोगी आहेत. चाचणी दहाही पकडते आणि निरोगी माणसांत शंभरात फक्त एकदा चुकते, इतकी चांगली आहे. तरीही सुमारे एक हजार निरोगी लोकांना ‘तुम्हाला रोग असावा’ असे सांगितले जाईल! त्यांच्या घरची झोप उडेल, नागपूरच्या खेपा होतील, कापूस विकून आलेले पैसे स्कॅनमध्ये जातील. म्हणून शिबिरात कोणी ‘कर्करोगाचे संपूर्ण पॅकेज’ विकू लागला तर पाकीट काढण्यापूर्वी सरकारी डॉक्टरांना विचारा. पण तापाशिवाय कावीळ, पाठीत जाणारे पोटाचे दुखणे, कारण नसता घटणारे वजन, पन्नाशीनंतर अचानक आलेला मधुमेह, यांपैकी काही दिसले तर मात्र दिवस न दवडता यवतमाळचे सरकारी रुग्णालय किंवा सेवाग्राम गाठावे.

पेटंट म्हणजे नव्या शोधावरचा अर्ज केल्यापासून वीस वर्षांचा हक्क. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्यात औषधाच्या पदार्थावर पेटंट मिळत नसे, केवळ कृतीवर मिळे. २००५ पासून पदार्थावरही मिळते. परंतु कलम ३ प्रमाणे निसर्गात असलेली वस्तू केवळ सापडली म्हणून पेटंट नाही, आणि माणसाच्या रोगनिदानाच्या रीतीवरही नाही. निदानाचा हा शब्द २००२ च्या दुरुस्तीने आला. म्हणजे ‘रक्तात अमुक वाढले की अमुक रोग’ हे ज्ञान कोणी बांधून ठेवू शकत नाही. नवे घडविलेले प्रतिपिंड किंवा चाचणीचा संच यांवर मात्र हक्क मागता येतो. शरीराबाहेर काढलेल्या रक्तावरची तपासणी या कलमातून सुटते काय, यावर वाद झाला. २०२३ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने सांगितले की कलमात असा आतबाहेर भेद नाही.

हक्कामुळे वस्तू महागते, हे खरेच. पण कायद्यात त्यावर तोडही आहे. मार्च २०१२ मध्ये मुंबईच्या पेटंट कार्यालयातून नियंत्रक कुरियन यांनी बायर कंपनीच्या नेक्सावर या यकृत व मूत्रपिंडाच्या कर्करोगावरील औषधासाठी हैदराबादच्या नॅटको कंपनीस सक्तीचा परवाना दिला. महिन्याचा खर्च सुमारे २ लाख ८० हजार रुपयांवरून ८,८०० च्या आसपास आला, आणि बायरला विक्रीवर स्वामित्वधन मिळाले. माझ्या मते गरीब रोग्याच्या बाजूने आपल्या देशात झालेला हा मोठा निकाल आहे. शाळेत तो शिकवला पाहिजे.

विद्यार्थ्यांनो, तुमच्यापैकी कोणी पुढे प्रयोगशाळेत गेला, गेली, तर एक गोष्ट ध्यानात असू द्या. शोध आधी मासिकात छापला किंवा प्रदर्शनात मांडला तर त्याचे नावीन्य बहुतेक वेळा संपते आणि पेटंट हातचे जाते. यवतमाळ जिल्ह्याचा अर्ज मुंबई कार्यालयात जातो. तो संगणकावरून भरता येतो. एकट्या व्यक्तीस अर्जाचे शुल्क १,६०० रुपये आहे, तपासणीचे वेगळे. आणि ज्यांना शोध लावायचा नाही त्यांनाही येथे काम आहे. पेटंट एजंटच्या परीक्षेस वय २१ पूर्ण आणि विज्ञान, अभियांत्रिकी किंवा तंत्रज्ञानाची पदवी लागते. वकिलीची लागत नाही. या विषयाचे शिक्षण देणारी केंद्र सरकारची राजीव गांधी राष्ट्रीय बौद्धिक संपदा व्यवस्थापन संस्था नागपुरातच आहे.