कोंबडीला औषध पाजताना

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी एकच विचारलं, आजारी कोंबडीला तोंडावाटे औषध द्यायचं कसं?

आधी माझीच चूक सांगते. कोंबड्या पाळायला घेतल्या त्याच पावसाळ्यात एक तलंग मलूल झाली. मी तिची मान वर केली, चोच उघडली आणि सिरिंज एका दमात रिकामी केली. घशात घरघर झाली, तिनं दोनदा मान झटकली आणि माझ्या हातातच गेली. आजारानं नव्हे, माझ्या घाईनं.

एखाद्या धडधाकट कोंबडीची चोच उघडून बघा. जीभ संपते तिथेच, मधोमध, एक उघडझाप करणारी फट दिसेल. ते श्वासनलिकेचं तोंड. त्यावर आपल्या घशात असतं तसं झाकण नसतं. जिभेवर मधोमध जोरात सोडलेलं औषध थेट फुफ्फुसात जाऊ शकतं.

म्हणून कोंबडी कधी उताणी धरायची नाही. पंख जुन्या टॉवेलात गुंडाळून तिला काखेत घ्या, पण आवळू नका. श्वास घेताना तिची छाती हलावी लागते. सुई काढलेली १ मिलीची सिरिंज घ्या आणि चोचीच्या कडेला एकच थेंब लावा. ती आपणहून गिळते. गिळली की पुढचा थेंब. त्यात पाच मिनिटं गेली तर जाऊ द्या की! मान टाकलेली, गिळतच नसलेली कोंबडी असेल, तर मात्र तोंडात काहीही घालू नका. हळदीचं पाणीसुद्धा नाही. सरळ पशुवैद्यकाकडे न्या.

पाण्यातून औषध देणं सोपं, पण आजारी कोंबडी पाणीच कमी पिते. मग औषध धडधाकट कोंबड्याच पिऊन टाकतात. तिला वेगळी ठेवा, दुसरं पाणी समोर ठेवू नका, औषधाचं पाणी रोज ताजं करा. ती पीतच नसेल तर डॉक्टरांना तसं सांगा. आणि डोस वजनावर ठरतो, तेव्हा तराजू काढा. 'झाकणभर' हे माप नाही.

अंड्यांचं राहिलंच. औषध चालू असताना आणि त्यानंतर किती दिवस अंडी खायची नाहीत, हे औषध घेतानाच विचारून घ्या. 'घरचं गावरान अंडं' म्हणून ते आपण पहिल्यांदा लेकरांच्याच ताटात वाढतो.