मोटार फिरली, पण प्लग पाहिला का?

 

सिंगल फेजची कडबाकुट्टी बिघडली, की आपण ती फुलंब्रीला दुरुस्तीला नेतो. दुकानदार बटण दाबून दाखवतो, मोटार गरगर फिरते, आपण पैसे देऊन घरी येतो. मोटार फिरली म्हणजे तपासणी झाली, अशी पुष्कळांची समजूत आहे. पण अर्थची तार तुटलेली असली, तरीही मोटार तितकीच झोकात फिरते. फिरायला दोन तारा पुरतात. तिसरी तार माणसासाठी असते.

म्हणून तपासणी प्लगपासून सुरू करा. प्लग आधी सॉकेटातून काढून हातात घ्या. कवच तडकले आहे काय? पिनेभोवती तपकिरी डाग, जळका वास? मग आत स्क्रू ढिला आहे किंवा सॉकेटाची पकड गेली आहे, असे समजा. वरची पिन जाड आणि लांब का, हे मुलांना जरूर विचारा. ती लांब असल्याने सॉकेटात सर्वांआधी टेकते आणि सर्वांनंतर सुटते. जाड असल्याने दुसऱ्या भोकात शिरत नाही. आणि आपण काय करतो? दोन भोकांच्या सॉकेटात बसावी म्हणून तीच कापतो! कुणी तर प्लगच काढून टाकतात आणि उघड्या तारा आगपेटीच्या काड्यांनी सॉकेटात ठोसतात. अशी वस्तू तपासायची नाही, आधी तिला प्लग लावायचा.

आता पेचकसाने प्लग उघडा. नव्या वायरीत फेज तपकिरी, न्यूट्रल निळी, अर्थ हिरवी-पिवळी असते. जुन्या वायरीत लाल, काळी, हिरवी. आत एल, एन, ई अशी इंग्रजी अक्षरे असतात, त्यांच्याशी ताडून पाहा. फेज आणि अर्थ यांची अदलाबदल झाली, तर वस्तूच्या लोखंडी अंगातच वीज येते. याहून वाईट चूक नाही. एखादा सुटा केसही शेजारच्या स्क्रूला टेकू देऊ नका. वायरीच्या टोकाला डाख लावून स्क्रूखाली दाबू नका. डाख दाबाखाली हळूहळू बसतो नि स्क्रू ढिला पडतो. अर्थची तार आत जरा सैल, लांब ठेवा, म्हणजे ओढ बसली तर ती शेवटी तुटेल. वायरीला पकडणारी पट्टी बाहेरच्या आवरणावर आवळलेली हवी, नुसत्या तारांवर नव्हे.

न उघडणारा, ओतीव प्लग खराब झाला तर कापून नवा लावा. कापलेला तुकडा मात्र पिना मोडूनच टाका. पोराने तो सॉकेटात घातला, तर उघड्या टोकांत वीज येते.

पाणी तापवायचा १५०० वॅटचा रॉड २३० व्होल्टवर साडेसहा अँपिअर घेतो. त्याला ६ अँपिअरचा प्लग चालत नाही, १६ चा लागतो.

गुरुजी, शाळेत हे करून दाखवा. दोन सेल, टॉर्चचा छोटा दिवा, थोडी तार. इस्त्रीचा प्लग सॉकेटाबाहेर ठेवून एक टोक अर्थच्या पिनेला, दुसरे इस्त्रीच्या उघड्या धातूला लावा. दिवा लागला तर अर्थची तार सलग आहे. बाकीच्या दोन पिनांपैकी कोणतीही घेतली, तर दिवा लागता कामा नये. पण एकच केस शिल्लक असला तरी दिवा लागतो, बरं का! म्हणून डोळ्यांनी पाहणे सुटत नाही. आणि दिवा न लागला तरी आतले आवरण धड आहे, असे ठरत नाही. ते वायरमनच्या मेगरवरच कळते.

प्लग चांगला, पण तार जाते कुठे? अर्थच्या खड्ड्यात. आपला मुरूम उन्हाळ्यात कोरडा ठणठणीत होतो. खड्ड्याचा रोध ५० ओहम झाला, तर फेज अंगाला लागूनही साडेचार अँपिअरच वाहतात. १६ अँपिअरचा फ्यूज वितळत नाही, आणि कडबाकुट्टीचे अंग शॉक देत राहते. म्हणून खड्ड्यात कोळसा-मीठ घालतात, उन्हाळ्यात पाणी ओततात. शिवाय ३० मिलिअँपिअर गळतीला वीज तोडणारा स्विच बसवून घ्या. त्यावर तपासणीचे एक बटण असते. महिन्यातून एकदा दाबा. वीज गेली नाही, तर त्याच दिवशी वायरमनला बोलवा.